आजीच्या अठ्ठावीस गाड्या

केंड्राने पोलिसांच्या दांडगाईविरुद्ध फोनवर संदेश पाठवून हाक दिली आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतल्या माँटगोमरी शहराच्या चौकात तीन हजार माणसं जमली. तिची ब्याऐंशी वर्षांची आजी अर्नेस्टीन खुर्चीत बसून कौतुकाने बघत होती.

"काळ्यांना वेगळं बसवायचे म्हणून आम्ही पंचावन्न साली इथल्या बसवर बहिष्कार टाकला, तेव्हा पत्रकं वाटून आमच्या पायांचे तुकडे पडले. तू अंगठ्यावरच उरकलंस की गं!"

"जमाना बदलला, आजी!"

"बदलला खरा. पण ही माणसं घरी कशी जाणार?"

केंड्राचा चेहरा पडला. मोर्च्यामुळे बस बंद होत्या, ऊन रणरणत होतं आणि लांबून आलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांकडे गाडीच नव्हती.

"अगं, आम्ही वर्षभर बसमध्ये पाय ठेवला नाही. तरी सगळे रोज कामावर पोचायचे, कारण कुठल्या गाडीने कुणाला कुठून उचलायचं ते आधी ठरलेलं असायचं. आण तो फोन."

आजीने चर्चमधल्या बायकांचे तोंडपाठ असलेले नंबर फिरवले. कोणती गाडी कुठल्या कोपऱ्यावर येईल, ते केंड्राने लगेच सगळ्यांच्या फोनवर पाठवलं. तासाभरात अठ्ठावीस गाड्या आल्या, त्याही तळलेल्या कोंबडीचे डबे घेऊन! संध्याकाळपर्यंत चौक रिकामा झाला.

"आजी, आजपासून गाड्यांचं खातं तुझ्याकडे," केंड्रा तिला बिलगून म्हणाली.

"चालेल. पण माझ्या हाताखाली काम करायचं तर वेळेवर यायचं हं!" आजीने दम भरला, आणि दोघी खळखळून हसल्या.