दहावीपर्यंत

बकुळा भोईरला कुणी शिक्षण विचारलं की ती ‘दहावीपर्यंत’ म्हणायची. मोठा सोयीचा शब्द. दहावीला बसलात आणि आपटलात, तरी ‘दहावीपर्यंत’ म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि पुढचं काही विचारत नाही. बघायला आलेल्या पाहुण्यांना तिनं तेच सांगितलं, कंपनीत लागताना तेच, आणि लेकीच्या शाळेच्या फॉर्मवरही तेच लिहिलं. सत्तावीस वर्षं वापरला हा शब्द, एकदाही दगा दिला नाही त्यानं.

मग तेजलचा निकाल लागला.

तेजल, तिची एकुलती एक पोर, इंग्रजीत सत्तावीस मार्क पडून दहावी नापास झाली. बाकीच्या विषयांत बऱ्यापैकी होते, पण ते विचारतो कोण! तिचा बाप आनंदा अंबरनाथ स्टेशनवरून एमआयडीसीत पाळीवाल्यांना सोडायला रिक्षा चालवतो. दिवसभर जिभेला विश्रांती नाही. त्यानं खालच्या मजल्यावरच्या वृंदाकाकूंना ठोकून दिलं, “बोर्डानं निकाल राखून ठेवलाय.” झालं. संध्याकाळपर्यंत बेलवलीतल्या त्या अख्ख्या बिल्डिंगला राखून ठेवलेल्या निकालाची काळजी लागली. जो तो जिन्यात अडवून विचारू लागला, तशी तेजलनं घराबाहेर पडणंच सोडलं. आठ दिवस पोरगी तोंडावर चादर घेऊन पडून. पुरवणी परीक्षेचा फॉर्म टीव्हीपाशी तसाच कोरा.

“भर ना गं तो फॉर्म,” बकुळा भाकरी थापता थापता म्हणाली.

“कशाला? परत नापास व्हायला? तू निदान दहावी तरी झालीस. मी तेवढीपण नाही.”

बकुळाचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली तरी तिला उलटायचं सुचेना. पोर स्वतःला मोजत होती ती आईच्या खोटेपणाशी, आणि आई चूल सोडून बोलायला तयार नव्हती. स्वतःची इतकी चीड तिला कधीच आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कंपनीत श्यामकांत साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ही कंपनी पंपांना लागणाऱ्या रबरी रिंगा बनवते. बकुळा एकवीस वर्षं त्या तपासते. रिंग बोटावर घ्यायची, उजेडात फिरवायची, केसाएवढी चीर किंवा बारीकसा बुडबुडा दिसला की “नापास” म्हणून लाल टबात टाकायची. तिनं टाकलेली रिंग परत उचलून बघायची हिंमत साहेबसुद्धा करत नसत. पण तपासलेल्या मालावर सही मात्र कायम दुसऱ्या कुणाची. आधी एक साठे होते, आता आठ महिन्यांपूर्वी आलेला सोहम, डिप्लोमावाला. बकुळानं बढतीचा अर्ज कधी केलाच नव्हता. मार्कशीट मागतील ही धास्ती.

“भोईरबाई, बसा,” साहेब म्हणाले. “परदेशातली नवीन पार्टी आहे. त्यांना प्रत्येक पेटीत चिठ्ठी हवी. माल कुणी तपासला, त्याचं नाव, शिक्षण, सही. मी म्हटलं, तुम्हालाच तपासणी प्रमुख करून टाकू. पगार वाढेल, सही तुमची. अट एकच, दहावी पास. तुम्ही दहावी ना?”

जिभेवर तो सोयीचा शब्द आला. साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला. फॉर्म इंग्रजीत. बकुळानं पेन घेतलं, नाव लिहिलं, आणि शिक्षणाच्या रकान्यात एसएससी लिहून पुढे ‘फेल’ लिहिलं. इंग्रजीत नापास झालेल्या बाईनं स्पेलिंग मात्र बिनचूक लिहिलं.

साहेबांनी चष्मा वर केला. “अहो, हे काय? नुसतं एसएससी लिहायचं. पास का नापास, कोण बघायला येतंय?”

“साहेब, चीर पडलेली रिंग माझ्यासमोर ठेवून तुम्ही बोललात, कोण बघायला येतंय, तर मी सोडीन का ती?”

“रिंगेचं वेगळं.”

“वेगळं कसं? चिठ्ठीवरच खोटं लिहिलं तर आतल्या मालावर तरी का विश्वास ठेवावा त्यांनी?”

साहेब वाईट माणूस नव्हते. नियमाला घाबरणारे होते, एवढंच. “मग माझा नाइलाज आहे. सही सोहम करेल. तुम्ही तपासा नेहमीसारखं.”

“नाही जमणार,” बकुळा उठून उभी राहिली. “सही त्याची, तर नजरपण त्याचीच. मला पॅकिंगला टाका.”

बाहेर आल्यावर तिला भान आलं. एकवीस वर्षांची नोकरी, उद्या घरी बस म्हणाले तर काय करणार होती? पण पॅकिंगच्या टेबलाशी जाऊन तिनं खोके दुमडायला घेतले ते असे, की बाकीच्या बायका चार हात लांब सरकल्या.

चार दिवस सोहम एकटा तपासत होता. पहिल्या दिवशी त्याच्या लाल टबात एकही रिंग पडली नाही. दुसऱ्या दिवशी घाबरून त्यानं अर्धा माल टबात टाकला. चौथ्या दिवशी तो स्वतःच केबिनमध्ये गेला. पोरगा सरळ. “सर, मी यावर सही नाय करणार. मला सगळ्या रिंगा सारख्याच दिसतात. मावशी बघणार असतील, तर सहीपण त्यांचीच पाहिजे.”

माल अडला. शेवटी साहेबांनी पार्टीला फोन लावला आणि घसा खाकरत अडचण सांगितली. पलीकडून उत्तर आलं, आम्ही शिक्षण लिहा म्हटलं होतं, दहावी पासची अट कुणी घातली? शोधाशोध झाली. अट आपल्याच ऑफिसनं घातली होती, फॉर्म भारदस्त दिसावा म्हणून. कुणाची सही आयुष्यभर अडवून ठेवायला आपल्याकडे एवढं पुरतं.

साहेबांनी बकुळाला पुन्हा बोलावलं. “प्रमुख तुम्हीच. पण ते शिक्षणाचं मी चिठ्ठीवर कोरं सोडतो. तुम्हालाच कमीपणा नको.”

“कोरं नको,” बकुळा म्हणाली. “छापा.”

त्या संध्याकाळी तिनं एक चिठ्ठी घरी आणली आणि तेजलच्या तोंडावरची चादर ओढून तिच्या हातात ठेवली. “वाच.”

तेजल वाचत गेली आणि उठून बसली. “बकुळा आनंदा भोईर. एसएससी... फेल? तू?”

“सव्वीस मार्क. इंग्रजीतच.”

“तू तर दहावीपर्यंत म्हणायचीस!”

“पर्यंतच. पुढे कुठे गेले?”

तेजलला हसू आलं नाही, संताप आला. “मी पंधरा दिवस इथं मरतेय आणि तू एक शब्द बोलली नाहीस आई!”

“चुकलं माझं,” बकुळा म्हणाली. तिला रडू येत होतं आणि ते तिनं येऊ दिलं. “आणि नापास झाल्यानं काय बिघडत नाय, असं सांगायला मी आले नाय. बिघडतं. एकवीस वर्षं बघायचं मी आणि सही करायची दुसऱ्यानं. पण त्यातलं अर्धंच बोर्डानं केलं गं. अर्धं मी केलं, तोंड लपवून. तू फॉर्म भर नायतर नको भरूस. तोंड लपवायचं नाय.”

तेजलनं चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग उठून तिनं तोंड धुतलं, केस विंचरले आणि टीव्हीपाशी पडलेला फॉर्म उचलला. फोटो काढायला हवा होता. दोघी जिना उतरू लागल्या.

खालच्या मजल्यावर वृंदाकाकू दारातच होत्या. “अगबाई, तेजल! काय गं, राखून ठेवलेला निकाल लागला का?”

बकुळाच्या तोंडात सवयीनं काहीतरी गुळमुळीत यायला लागलं.

“लागला ना काकू,” तेजल अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “नापास. इंग्रजीत सत्तावीस. आईपेक्षा एक जास्त.”