तीन वॉर्डांची एक रेघ

संचालकांनी पडद्यावर आलेख आणला आणि रुग्णालयाच्या संख्याशास्त्रज्ञाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

अस्थी, पक्षाघात आणि मणका या तीन वॉर्डांतले रुग्ण भरतीच्या वेळी, उपचारांच्या मध्यावर आणि घरी सोडण्याच्या दिवशी सरासरी किती चालतात, एवढेच दाखवायचे होते. आडव्या अक्षावर आकडे नव्हते, टप्प्यांची नावे होती. आणि तिथे नावे असली की ‘आर’ ही आलेख काढणारी संगणकप्रणाली आपण होऊन ठिपके जोडत नाही, कोणते ठिपके कोणत्या गटाचे हे त्याला सांगावे लागते. संचालक ‘सगळे एकाच गटाचे’ असे सांगून मोकळे झाले होते. त्यामुळे एकच रेघ तिन्ही वॉर्डांतून करवतीच्या दात्यांसारखी वरखाली धावत होती.

“सुधारणेत सातत्यच नाही,” संचालक म्हणाले. “व्यायामोपचार बंद केलेले बरे.”

“साहेब, ही रेघ अस्थीच्या रुग्णाला उचलून मणक्याच्या खाटेवर टाकते! घोडे, गाढवे, सगळी एकाच दावणीला?”

“मणक्याच्या वॉर्डातले व्यायामोपचार तुमची बहीण बघते, म्हणून हा पुळका.”

“बहीण नसती तरी हेच बोललो असतो!”

त्याने तिथल्या तिथे वॉर्डनिहाय गट केले. करवत मोडली, तीन रेघा सुट्या झाल्या. अस्थीची चढली, पक्षाघाताची चढली. मणक्याची मात्र आडवीच राहिली. रागाच्या भरात त्याने ती आधी काढून पाहिलीच नव्हती.

“वा! दोन वॉर्ड वाचले,” संचालक हसले. “तिसरा तुम्हीच बुडवलात. करा सही, अहवाल आजच विश्वस्तांकडे जायचाय. सही नसेल तर माझाच आलेख जाईल.”

“आलेख बरोबर आहे. ह्या वॉर्डापुरतं मोजमाप चुकीचं आहे.”

“हे आज सुचलं?”

समोर बसलेली बहीण फणकारली, “त्याला कसं सुचणार? दादा, माझी माणसं खाटेवरून खुर्चीत बसायला शिकतात. चालणं मोजून काय डोंबल दिसणार? एकदा तरी विचारलंस?”

“मी सही करत नाही.”

“आणि ते दोन वॉर्डही घालव! तुझा बाणेदारपणा त्यांच्या पायांनी चालणार का?”

तिने पेन त्याच्यापुढे सरकवले. त्याने संचालकांकडे पाहिले, मग तिच्याकडे. त्याने सही केली, ती अशी की कागद फाटून खालच्या टेबलावर ओरखडा उमटला.