शेपटीतली लाल फीत

हौदापाशी सहा घोडे होते. चार पाणी पीत होते, एक चरत होता, एकाच्या मानेवर त्याचा स्वार पाणी ओतत होता. सातवी, म्हणजे माझ्या मावशीची घोडी, आली आणि सहाही जण घोडे ओढत लांब गेले.

लांब पल्ल्याच्या दौडीतला हा मधला थांबा. इथे पोचल्यापासून वीस मिनिटांत घोड्याची नाडी मिनिटाला चौसष्टपर्यंत उतरली नाही, तर स्वार बाद. सातही स्वार नवखे. रानवाटेवर एकमेकांशी कसं वागायचं, हे त्यांना मी शिकवलं होतं. त्या दिवशी मावशी तेवढी दाढ काढायला गेली होती.

थांब्यावरच्या डॉक्टरांनी मोजली, तर घोडीची नाडी बहात्तर भरली. ती गेलेल्या घोड्यांकडे बघून खिंकाळत होती, मावशीभोवती गरगर फिरत होती आणि पाण्याला तोंड लावत नव्हती.

"मी यांचं काय घोडं मारलंय?" मावशी म्हणाली. "वाटेतही हेच. मी दिसले की पांगतात. मला काय खरूज झालीय?"

"मावशी, तिच्या शेपटीला काय बांधलंयस?"

"फीत. तुमच्या फोटोत एका घोड्याला होती. छान दिसते ना?"

"लाल फीत म्हणजे हा घोडा लाथा मारतो, लांब राहा."

"ही? हिला माशी हाकलायचा कंटाळा."

घोडी उभीच राहीना, त्यात गाठ ओली. शेवटी मी दातांनी सोडली. अकरा मिनिटं गेली होती. लांबचे घोडे लांबच होते.

त्या सहा स्वारांतले सगळ्यात जवळ मास्तर होते. त्यांचा थांबा संपला होता, एक पाय रिकिबीत होता.

"मास्तर, घोडा जरा हौदाशी आणता? एकटीला ती पिणार नाही."

"तुम्हीच तर म्हणालात, लाल फीत दिसली की जवळ जायचं नाही."

"ती चुकून बांधली होती."

मास्तरांनी घोडीच्या मागच्या पायांकडे पाहिलं, मग वाटेकडे. दोघे जण निघालेसुद्धा होते. मास्तरांनी रिकिबीतला पाय खाली घेतला.

"लाथ बसली तर औषधपाणी तुमच्याकडे," ते मावशीला म्हणाले.

"लाथ हवीच असेल तर मी देईन. तिला मध्ये आणू नका."

मास्तरांच्या घोड्याने पाण्यात तोंड घातलं. घोडी आणखी एकदा फिरली, थबकली आणि तिने मान खाली केली. गळ्यातून घोट उतरताना दिसू लागले. मास्तरांचा घोडा पिऊन झाला तसा वाटेकडे ओढू लागला. मास्तरांनी लगाम आखडला.

"निघा आता, मास्तर," मावशी म्हणाली. "तुमचा खोळंबा होतोय."

"मी हललो की ही पिणं सोडून मागे येईल. दुसरा पीत असताना निघायचं नाही. हेही यांनीच शिकवलंय."

तिसरा स्वार निघाला, पाठोपाठ चौथा. मास्तरांचा घोडा टापा आपटत होता. मावशी घोडीच्या मानेवर पाणी ओतत राहिली. घोडीने तोंड वर काढलं तेव्हा तीन मिनिटं उरली होती.

डॉक्टरांनी घोडीच्या डाव्या कोपरामागे नळी टेकवली.

"कोणी बोलू नका."

पंधरा सेकंदांत पंधरा ठोके. मिनिटाला साठ.