अंगावरचा डाग

डाग दिसला की माझे हात शिवशिवतात. लॉन्ड्रीत एकोणीस वर्षं काढलेल्या बाईचं दुसरं काय होणार? कॉलरचा मळ असो की खिशावरची शाई, मी कुणालाच सोडत नाही. त्या रविवारी बाबांचा पाइप खिडकीत पडलेला दिसला. आतून काळाकुट्ट, काठाला चिकट, आणि माझं डोकंच फिरलं. डॉक्टरांनी तंबाखू बंद करून चार वर्षं झाली, आणि हा माणूस ही रिकामी घाण रोज दातांत धरतो! दिला टाकून उकळत्या सोड्यात. चांगला अर्धा तास.

बाहेर काढला तेव्हा तो भुरकट पडला होता आणि तंबाखू भरायच्या वाटीला वरपासून खालपर्यंत उभी चीर गेली होती.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. मी तयारीतच होते, आमच्या घरात भांडण चांगलं रंगतं. पण त्यांनी पाइप हातात फिरवला, चिरेवरून अंगठा नेला आणि नुसतं "बरं" म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबा दुकानांच्या पाट्या करतात. काचेवर, आतल्या बाजूनं, उलटी अक्षरं, तीही सोन्याच्या वर्खाची. वर्ख इतका पातळ की जवळ कुणी शिंकलं तर दिवसाच्या कामाचं वाटोळं. पाइप त्यासाठी होता. दातांत पाइप असला की तोंड मिटलेलं राहतं, श्वास पाइपमधून सावकाश आत येतो, नाकानं सावकाश बाहेर जातो, आणि हात ठरतो. चाळीस वर्षांची सवय. मी मात्र इतकी वर्षं त्याच घरात राहून एकदाही विचारलं नव्हतं की बाबा, हे रिकामं लाकूड तुम्ही कशाला चावता?

चष्मेवाल्याची पाटी शुक्रवारी द्यायची होती. सोमवारी बाबांचे तीन वर्ख फुकट गेले, मंगळवारी पाच. चिकटवलेल्या पाइपमधून शिटी वाजायची आणि त्यांचा श्वास अडखळायचा. पाइप काढून ठेवला तर रेघ थरथरायची. मंगळवारी जेवायच्या आधी त्यांनी सगळे ब्रश धुतले, फडक्यात गुंडाळले आणि वरच्या फळीवर ठेवून दिले.

"उद्या चष्मेवाल्याला सांगून येतो," ते म्हणाले, "प्लास्टिकची छापून घे म्हणावं. खूप केल्या पाट्या. झालं आता."

"उद्याचा दिवस थांबा," मी म्हटलं. "त्याच्याकडे गेलात तर माझ्याशी गाठ आहे!"

तोंडानं म्हटलं खरं, पण मला पाइपमधलं ओ की ठो कळत नव्हतं. बुधवारी लॉन्ड्रीत दांडी मारून मी मावशीचं दार वाजवलं.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. पाइपच्या कारखान्यात सव्वीस वर्षं भोकं पाडायच्या मशीनवर होती. लाकडाच्या ठोकळ्यात वाटी कोरायची आणि तिच्या तळापर्यंत धुराचा रस्ता काढायचा, एवढंच काम, दिवसाला दोनशे वेळा. बाबा तिला चिडवायचे, "मेहुणीबाई, लोक घाम गाळून पोट भरतात, तुम्ही भोकं पाडून!" सगळे हसायचे. तीही हसायची, पण जरा उशिरा.

तिनं माझी सगळी कर्मकहाणी ऐकली आणि कपाळावर हात मारला. "उकळलास? अगं, तो काय टॉवेल होता?"

मग तिनं जुना पाइप मागून घेतला आणि दांडीवरच्या दातांच्या खुणा खिडकीशी नेऊन बघितल्या. "डाव्या दाढेत धरतात. ओठ जाड, दांडी पातळ हवी. आणि हलका हवा, नाहीतर दुपारपर्यंत जबडा दुखेल. पैसे किती आहेत?"

मी बुटांसाठी ठेवलेल्या नोटा दाखवल्या.

"ह्यात देखणा येणार नाही," ती म्हणाली. "चांगला येईल. चल."

तंबाखूच्या दुकानात काचेच्या कपाटात पाइप मांडले होते, प्रत्येकाखाली किमतीची चिठ्ठी. माझ्या पैशांत बसणारा एकच होता, पण काय चकाकत होता! एक डाग नाही, तोंड दिसावं त्यात. मी म्हटलं, झालं काम.

मावशीनं तो हातात घेतला, वाटीत डोकावली आणि परत ठेवला. "ह्याचा रस्ता वर निघालाय," ती दुकानदाराला म्हणाली. "तळापासून बोटभर वर. रिकामा ओढला तरी थुंकी साठेल आणि श्वास गुरगुरेल. आणि लाकडातले खड्डे पुट्टीसारखी लांबी भरून बुजवलेत, वर रोगण फासलंय. चार दिवस हाताळला की लांबी निघून येईल."

दुकानदारानं चष्मा कपाळावर चढवला. "बाई, तुम्ही पाइप ओढता?"

"मी पाइपला भोकं पाडायचे," मावशी म्हणाली. "सेकंडचा माल कुठे आहे तुमचा?"

त्यानं काउंटरखालून बुटांचं खोकं काढलं. आत दहाबारा पाइप, धुळीनं माखलेले, बिनरोगणाचे. मावशीनं पदर खोचला, पिशवीतून विणायची बारीक सुई काढली आणि कामाला लागली. मी त्या बाईला लहानपणापासून ओळखते, पण तशी कधी पाहिली नव्हती. घरी तिला चहाचा डबा सापडत नाही. इथे तिची बोटं एकदाही चुकत नव्हती. पाइप उचलायची, तळहातावर तोलायची, वाटीच्या भिंतीची जाडी चिमटीत धरून सगळीकडून सारखी आहे का बघायची. दांडी काढून परत बसवायची, सैल वाटली की बाजूला. सुई घालायची, ती कुठे टेकते ते ऐकायची. हो, ऐकायची! शेवटी तोंडाला न लावता दांडीवर हलकी फुंकर, आणि वाटीवर धरलेल्या तळहाताला वारा कसा लागतो ते बघायची. एकामागून एक बाजूला.

शेवटून दुसरा पाइप तिनं दोनदा तोलला. सुई घातली, ती बरोबर तळाच्या मध्यावर निघाली. फुंकर मारली, आवाज नाही. तिचा चेहरा असा उजळला की मला कळलं, सापडला.

तिनं तो माझ्या हातात दिला. हलका होता, पण वाटीवर समोरच मसुरीएवढा खड्डा. ऐन कपाळावर देवीचा वण असल्यासारखा.

"हा?" मी म्हटलं. "मावशी, मी त्यांचा पाइप फोडला आणि बदली असा डागाळलेला नेऊन देऊ?"

"डाग अंगावर आहे, पोटात नाही. म्हणून तर तुझ्या पैशांत येतोय."

"निदान तो खड्डा तरी बुजवून घेऊ."

"बाई गं," मावशी शांतपणे म्हणाली, "डाग घालवायला गेलीस म्हणून आपण इथे आलो ना?"

मी पैसे दिले. थोडे उरलेसुद्धा.

मावशीला घेऊनच घरी आले. बाबांनी पाइप घेतला तेव्हा मी भिंतीकडे बघत होते. त्यांचा अंगठा खड्ड्यावर गेला, तिथेच थांबला. मग पाइप डाव्या दाढेत गेला. एक श्वास, दुसरा श्वास. शिटी नाही. ते स्टुलावर चढले, फळीवरचं फडकं खाली काढलं आणि एका फुटक्या काचेवर रेघ ओढली. उभी, हातभर, केसाइतकी बारीक. मी आयुष्यात इतकी सुंदर रेघ पाहिली नाही, आणि मला रडू आलं. लपवलं नाही.

बाबांनी पाइप तोंडातून काढून उजेडाकडे धरला आणि वाटीतून आत बघितलं. "ह्याचं भोक कोणी पाडलंय गं?"

"असेल कारखान्यातली कुणी बाई," मावशी म्हणाली.

"बाई कशावरून?"

"पोट भरायला पाडलंय भावोजी. म्हणून सरळ आहे."

बाबा हसले नाहीत. "वर्खाची रेघ मारणं ह्याच्यापुढे काहीच नाही," ते म्हणाले. "मला निदान दिसतं तरी मी कुठे चाललोय. तू आंधळ्या लाकडात जायचीस." मग म्हणाले, "इतकी वर्षं मी उगाच दात काढले."

मावशी चटकन उठली आणि चहाचा डबा शोधायला गेली. नेहमीप्रमाणे तिला सापडला नाही.

शुक्रवारी आम्ही तिघं चष्मेवाल्याच्या दुकानासमोर उभे राहिलो. सोन्याची अक्षरं काचेत अशी ठाम बसली होती की येणारेजाणारे थांबून वाचत होते, चष्म्याचा नंबर न लागलेलेही. बाबांच्या तोंडात पाइप होता, खड्डा लोकांच्या बाजूला. आणि मला खालच्या कोपऱ्यात, बाबांच्या नेहमीच्या सहीशेजारी, वर्खाचा एक बारीक गोल ठिपका दिसला. मसुरीएवढा. मी बाहेरून रुमालानं पुसला, जाईना. आतून असणार. रुमालाला थुंकी लावून दुकानात शिरले.

"हात लावशील तर खबरदार!" बाबा रस्त्यातून ओरडले, पाइप काढून. "तो डाग नाही. ती तुझ्या मावशीची सही आहे."

मावशी पुढे आली. तिनं पिशवीतून विणायची सुई काढली, वाकली, आणि काचेला न टेकवता, पाइपचं भोक तपासावं तशी ठिपक्यासमोर धरली. बराच वेळ तशीच वाकून राहिली. उठली तेव्हा डोळे पदरानं पुसत होती.

"मध्यावर आहे," ती म्हणाली.