म्हातारबुवांची पकड

आमच्या ह्यांना खुर्ची सोडवत नाही आणि म्हातारबुवांना फांदी. हे प्राणिसंग्रहालयाचे अधीक्षक. म्हातारबुवा त्याच संग्रहालयातले स्पायडर मंकी.

म्हातारबुवा हे नाव पिंजरे झाडणाऱ्या बायकांनी ठेवलं. माकड असलं म्हणून काय झालं, वयाचा मान राखून सगळे त्यांना अहो-जाहो करतात, मीसुद्धा. आमचं क्वार्टर आवारातच आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोर त्यांचा पिंजरा दिसतो. लांबलचक काळे हात, सुटलेलं पोट, आणि ते शेपूट! टोकाला आतून केस नाहीत, तळहातासारखी उघडी कातडी, तिच्यावर रेषासुद्धा. एखाद्या ज्योतिषाला दाखवावं. पूर्वी त्या एका शेपटावर लटकून दोन्ही हातांनी शेंगा सोलायचे. हल्ली लटकत नाहीत. खालच्या फांदीवर बसून शेपटाचा वेढा तेवढा घालून ठेवतात, न जाणो कुणी उठवलं तर.

नेमकं हेच ह्यांच्या डोळ्यांत खुपलं. "लोक तिकीट काढून लटकणारं माकड बघायला येतात," हे म्हणाले. "पकड गेलेलं जनावर पोसायला हा काय आश्रम आहे? एक इंजेक्शन दिलं की विषय मिटला."

बोलले कोण, तर ज्यांना भाजीची पिशवी दारापर्यंत धरवत नाही ते!

आमच्या डॉक्टरीणबाई, म्हणजे जनावरांच्या डॉक्टर, त्यांनी इंजेक्शनला साफ नकार दिला. हे महिनाअखेर निवृत्त होणार होते आणि खुर्ची बाईंकडेच जाणार होती. "तोवर सांभाळा, काकू," त्या मला म्हणाल्या. "मी आले की म्हातारबुवांच्या केसालाही धक्का लागणार नाही." पण ह्यांनी एकीकडे म्हातारबुवांचा निकाल लावायचा कागद हेड ऑफिसला धाडला होता आणि दुसरीकडे स्वतःच्या मुदतवाढीसाठी त्याच ऑफिसचे उंबरठे झिजवत होते. मला धडकी भरली होती.

एका दुपारी घरी फोन आला. हेड ऑफिसचे मोठे साहेब.

"वहिनी, खाजगीत विचारतो. म्हातारबुवांचं काय करायचं? ठेवायचे की निरोप द्यायचा?"

कागद पोहोचला तर! म्हटलं, आता जीभ चालवली नाही तर कधी चालवायची?

"ठेवा हो!" मी म्हटलं. "कुणाच्या अध्यात ना मध्यात. काय अडचण होते त्यांची?"

"चिडचिड करतात म्हणे."

"पोट भरलेलं असलं की मुळीच नाही."

"पण पकड राहिली आहे का अजून?"

"चार माणसांनी ओढलं तरी बसल्या जागेवरून हलत नाहीत."

"ते आम्हीही बघतोय," साहेब हसले. "आणि काम?"

"काम कसलं असतं त्यांना? लोकांसमोर बसून राहायचं. ते छान बसतात."

"खालच्या लोकांचं काय मत आहे?"

"जीव टाकतात त्यांच्यावर! बायका तर केळं कुस्करून हाताने भरवतात. दात नाहीत ना आता."

"एवढी लोकप्रियता मला ठाऊक नव्हती," साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मी खिडकीतून म्हातारबुवांकडे पाहून हात हलवला. त्यांनी जांभई दिली.

संध्याकाळी हे घरी आले ते छाती फुगवून. "मिळाली मुदतवाढ! साहेब म्हणाले, 'म्हातारबुवा, वहिनींनी तुमची फार तारीफ केली.' तिकडे मला लाडाने म्हातारबुवा म्हणतात."

लाडाने!

"पण ते केळ्याचं काय ते मला कळलं नाही," हे कवळी काढून वाटीत ठेवत म्हणाले. "मला कोण भरवतं? असो. उद्याच बाहेरचा डॉक्टर बोलावतो. आता बाईंचं नाक मुरडणं चालणार नाही. त्या माकडाला मोकळं करून टाकू."

मला रडू यायला लागलं. ज्याला वाचवायला एवढी टकळी चालवली, त्याच्याच गळ्याला मी नख लावलं होतं. मग रडू आटलं आणि अशी तिडीक उठली की मी थेट फोनपाशी गेले.

"कुणाला फोन करतेस?"

"तुमच्या साहेबांना. सांगते, की मी माकडाचं कौतुक करत होते. तुम्हाला मुदतवाढ मिळालीय ती माकडाच्या गुणांवर."

हे बोळक्या तोंडाने हसले. "काहीतरीच! तू असं करणार नाहीस."

मी नंबर लावला. घंटा वाजली. ह्यांचं हसू मावळलं.

"हॅलो," साहेबांचा आवाज आला.

"साहेब, मी बोलतेय. ते मघाशी म्हातारबुवांबद्दल..."

ह्यांनी माझ्यापुढे हात जोडले. "राहू दे त्याला," कुजबुजले, "मरेपर्यंत राहू दे!"

"...तुमचे आभार मानायचे राहिले होते," मी वाक्य पुरं केलं.

माणसाचं शेपूट कधीच झडून गेलं म्हणतात. साफ खोटं. ह्यांनी ते माझ्यादेखत घातलं.