नळात उतरलेली कावीळ

दर मंगळवारी लिंबायतच्या त्या गल्लीत रिक्षावाल्यांना आल्या पावली परतावं लागे. धुडकू महाराजांच्या पत्र्याच्या शेडपुढे बायकांची ही झुंबड! प्रत्येकीच्या हातात घरच्या नळाच्या पाण्याची बाटली. महाराज पेल्यात पाणी ओतायचे, कुपीतले चार थेंब टाकायचे आणि बघता बघता पाणी पिवळंधमक!

"जुओ बेन, जुओ! बघा, नळात कावीळ उतरलीय!" महाराज गरजायचे. मग मंतरलेलं लिंबू पिळलं की पिवळेपणा गायब. कुपीत काय आहे, असं कुणी विचारलं की महाराज डोळे वटारायचे. शेडमागच्या बोअरचं 'तीर्थ' मात्र थेंब टाकूनही जसंच्या तसं राहायचं. खानदेशात चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ 'उतरवतात', तेव्हा पाणी पिवळं होतं. ते लहानपणापासून पाहिलेल्या खानदेशी बायकांना आणखी पुरावा कशाला हवा? घरोघरी तीर्थाचे हंडे चालले.

उषाबाईंचा कुणावरच विश्वास नव्हता. भाजीवाल्याच्या काट्यावर नव्हता, महाराजांवर नव्हता आणि नळावरही नव्हता. पण सुनेने, जयश्रीने, नळाचं पाणी बंद करून तीर्थ सुरू केलं आणि पाच वर्षांची नात योगिता जुलाबाने अंथरुणाला खिळली. आठ दिवसांत दोनदा सलाईन लावून झालं. "तीर्थ आतली घाण बाहेर काढतंय," असं महाराजांनी सांगितलं आणि जयश्रीने नंदीबैलासारखी मान हलवली. नातीचे खोल गेलेले डोळे पाहून उषाबाई रात्रभर तिच्या उशाशी बसून राहिल्या.

गुरुवारी पाणीखात्याच्या वंदनाताई दारात आल्या. टाकीतलं पाणी शेवटच्या घरापर्यंत कसं पोचतं, ते त्या तपासत होत्या. त्यांनी काचेच्या नळीत नळाचं पाणी घेतलं, थेंब टाकले. पाणी पिवळं झालं! उषाबाईंनी त्यांचं मनगटच धरलं.

"तो बाबाबी हाईच करस! तू त्यानी बहीण शे का?"

वंदनाताई आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. "मावशी, जंतू मारायला पाण्यात क्लोरीन घालतात. ते तुमच्या नळापर्यंत टिकलंय, म्हणून या थेंबांनी हा रंग येतो. रंग आला नाही तरच मला काळजी वाटते."

"आन् लिंबू?"

"लिंबाचा रस क्लोरीन संपवून टाकतो. मंत्र कशाला हवा?"

उषाबाईंनी घरातलंच लिंबू कापून पिळलं. रंग गेला! तीर्थात थेंब टाकून पाहिले, तर रंग आलाच नाही. वंदनाताईंनी तीर्थाची बाटली तपासायला नेली; उषाबाईंनी नातीला पुन्हा नळाचं पाणी सुरू केलं. सोमवारी अहवाल आला. शेडमागच्या गटाराचं पाणी बोअरमध्ये झिरपत होतं आणि तीर्थात मैल्याचे जंतू होते.

मंगळवारी उषाबाई दोन बाटल्या घेऊन शेडमध्ये गेल्या. एकीवर तीर्थाची खूण म्हणून महाराजांचा फोटो चिकटवलेला होता, दुसरी नळाच्या पाण्याची असते तशी साधी. मागे वंदनाताई उभ्या होत्या.

महाराजांनी साध्या बाटलीत थेंब टाकले. "आता बघा, कावीळ!" पाणी ढिम्म. फोटोच्या बाटलीत टाकले, तर तीर्थच पिवळंधमक!

"तुझ्या भक्तीत खोट आहे!" महाराज ओरडले.

"खोट कसानी? पानी मी बदलीसन आणेल शे, साधी बाटलीमा तुमनं तीर्थ शे," उषाबाई म्हणाल्या. "देवना अवतार तुमी, तुमनंच तीर्थ तुमले वयखता ऊनं नई?"

गर्दीत हशा पिकला. वंदनाताईंनी पुढे होऊन आपली कुपी दाखवली, रंगाचं कारण सांगितलं, अहवाल मोठ्याने वाचला. 'मैला' हा शब्द ऐकताच हसू विरलं. बायका हातातल्या हंड्यांकडे पाहू लागल्या. महाराज कुपी काखोटीला मारून मागच्या दाराने पसार झाले.

गर्दीतून जयश्री पुढे आली. "आई, मी मनाच हातवरी पाजं तिले..."

उषाबाईंनाही रडू आलं. त्यांनी सुनेचा हात धरला आणि दोघी योगिताला घेऊन दवाखान्याकडे निघाल्या.

बायांनो, पाणी नळाचं असो की बोअरचं, शंका आली तर जरूर तपासून घ्या. पण कुपीत काय आहे हे विचारल्यावर जो डोळे वटारतो, त्याच्या हातचा घोटसुद्धा लेकराच्या ओठाला लावू नका.