मेहुण्याचा पोलादी पासवर्ड

आमच्याकडे राहणाऱ्या मेहुण्याकडे फोन मागितला, की किडनी मागितल्यासारखं तोंड करतो. कॅमेऱ्याला चिकटपट्टी, पासवर्ड सारखा नवा. त्या दिवशी साहेबांना स्वतः बनवलेलं ॲप दाखवायचं होतं, बढती त्यावरच होती, आणि गडी सकाळीच बदललेला पासवर्ड विसरला.

"भाऊजी, मेलो मी!"

"मला माहितीय पासवर्ड," मी म्हटलं. "सांगतो, पण मला फॅमिली ग्रुपवर परत घे."

माझ्या विनोदांना कंटाळून त्यानेच मला ग्रुपमधून हाकललं होतं.

"तुम्ही हॅक केलंत?" त्याला घाम फुटला. "बरं, घेतो..."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "अरे, आधी ढेकूण, मग सात!"

खिडकीतून शेजारच्या काकू म्हणाल्या, "शेवटी उद्गारचिन्ह आहे हं, बाळा!"

टाइप करताना हा पठ्ठ्या प्रत्येक अक्षर मोठ्याने बोलतो, हे त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

फोन उघडला. माझा सौदा बुडाला. घाबरून तो लगेच नवा पासवर्ड टाकायला बसला, तसा मी उठलो आणि आधी स्वयंपाकघराचं दार लावलं, मग खिडकी.

"हं, टाक आता," मी म्हटलं. "सावकाश."